चर्च सोडल्यावर उरलेला देव

मी मिस्सेला (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला) जाणं बंद केल्याचं कळल्यापासून कॅथलिक नातेवाईक विचारतात, "कुठल्या फादरने दुखावलं?" बाकीचे विचारतात, "म्हणजे आता परत हिंदू का?" मला कोणीही दुखावलेलं नाही. आणि परत कुठे जायचं? ज्यांनी आमच्या पणजोबांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्यात?

कारण माझ्या वहिनीचं बाळ. जन्मल्यावर काही तासांतच गेलं, बाप्तिस्म्याला, म्हणजे पाणी घालून चर्चमध्ये सामावून घेण्याच्या संस्काराला, वेळच मिळाला नाही. वहिनीने एकच विचारलं, "ते देवाजवळ आहे ना?" फादर भला माणूस. म्हणाले, "आपण आशा ठेवू." मला तेव्हा ते मोघम वाटलं. पुढे वाचलं तर चर्चची भूमिकाही नेमकी तेवढीच निघाली. अशा बाळांसाठी 'लिंबो' नावाची, यातना नसलेली पण स्वर्गही नसलेली जागा शतकानुशतकं शिकवली गेली, बंधनकारक सिद्धान्त मात्र तो कधीच नव्हता. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने दस्तऐवज काढला. त्यात म्हटलंय की ही बाळं तारली जातील अशी आशा धरायला सबळ कारणं आहेत, पण खात्रीने सांगता येत नाही. प्रामाणिक उत्तर आहे, मान्य. पण ज्या देवाबद्दल एवढंही खात्रीने बोलता येत नाही, त्याच्या बाकी नियमांची एवढी खात्री कुठून येते?

गंमत अशी की चर्च तसं सोडताच येत नाही. बाप्तिस्म्याचा ठसा पुसत नाही अशी शिकवण आहे. चर्चच्या कायद्यात औपचारिकपणे चर्च सोडण्याचा उल्लेख होता, तोही पोप बेनेडिक्ट यांनी २००९ मध्ये काढून टाकला. म्हणजे त्यांच्या हिशेबी मी अजून कॅथलिकच. असू दे.

चर्चशी न जुळलेले ख्रिस्तभक्त शोधायला मला पुण्याबाहेर फार जावं लागलं नाही. नगर रोडवरच्या दे नोबिली कॉलेजात फादर अँथनी डिमेलो यांनी 'साधना' सुरू केली, पुढे ती लोणावळ्याला गेली. श्वासाकडे बघत, शांत बसून प्रार्थना करायला शिकवणारा हा जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचा धर्मगुरू) १९८७ साली वारला आणि १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्याची काही मतं श्रद्धेशी विसंगत ठरवली. नगरचे रेव्हरंड टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारायला निघाले, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही तिथल्या सिस्टरशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) पत्रांतून वाद घातला. (दोघं प्रोटेस्टंट. माझ्या आजीने त्यांना दारात उभं केलं नसतं.) मला वाटतं ख्रिस्ताला धरून ठेवून मधल्या माणसांशी भांडणं ही मराठी ख्रिस्ती परंपराच आहे.

मग माझं म्हणणं काय? देव पापांची वही ठेवत नाही. नरक मी मानत नाही. येशू मानते, पण तो मरून पुन्हा उठला, या पुनरुत्थानापाशी अडते. माझा येशू क्रूसावरून "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असं विचारणारा. देवाशी असं भांडायला देहूच्या तुकोबांनाही संकोच वाटला नव्हता, म्हणून ते मला जवळचे वाटतात. पालखी नाना पेठेत मुक्कामाला आली की मी जाते. क्वार्टर गेटचं सिटी चर्च तिथून जवळच, हे आपलं उगाच सांगते.

पण या खासगी देवाची एक अडचण आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तो फार सोयीचा आहे. चर्चचा देव मला दर रविवारी, सोसायटीत माझ्याशी भांडणाऱ्या बाईशेजारी बसवायचा आणि शांतीचा हात पुढे करायला लावायचा. मी घडवलेल्या देवाने मला न पटणारं एकही काम अजून सांगितलेलं नाही. असा देव संशयास्पदच. बुद्धीने सगळं जुळवलेल्या धर्मात ती बाई कुठे बसवायची?

पप्पांचा प्रश्न वेगळाच आहे. "मेल्यावर तुला कुठल्या दफनभूमीत न्यायचं?" मी थट्टेने "घरात जागा आहे" म्हटलं तर चिडतात. यंदाच्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला मी त्यांच्यासोबत जाणार आहे, मराठी गीतं म्हणायला. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभी राहणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय.