‘जुना आरएक्सवाला’ यांना: लाल तेल, पंचाहत्तर नंबर आणि माझी एक चूक

नमस्कार,

नाव लिहिलं नाहीत, पण प्रतिक्रियेत ‘आमच्या वेळी’ तीनदा आलंय, तेव्हा मी आपला अहो-जाहोच करतो.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रायल्स गाडीचं (पाय न टेकता खडकांवरून जायच्या खेळातल्या मोटरसायकलचं) गिअरबॉक्स ऑइल मी कसं बदलतो, ते लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: कारच्या पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल गिअरबॉक्समध्ये ओतणं हा शुद्ध गाढवपणा आहे. दर दहा-बारा तासांनी तेल बदलणं म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. तेल मापाने मोजणारा माणूस मेकॅनिक नसून कंपाउंडर आहे. तुमची यामाहा आरएक्स १०० तीस वर्षं २०डब्ल्यू४० या जाड इंजिन ऑइलवर, वर्षातून एकदा तेल बदलून, ‘मध्ये मध्ये शंभरेक मिली टॉपअप करून’ ठणठणीत चालली आहे. शिवाय, ७५डब्ल्यू गिअर ऑइल तुमच्या तेलापेक्षा पातळ असं मी म्हटलं होतं, त्यावर ‘पंचाहत्तर नंबरचं तेल चाळीसपेक्षा पातळ, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?’

आधी माझी चूक. ‘हे तेल कुठल्याही बाइकला चालेल’ असं वाक्य मी घाईत लिहून गेलो. शेजारच्या पोराने ते वाचून पल्सरमध्ये लाल तेल ओतलं तर काय, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. रस्त्यावरच्या बहुतेक फोर-स्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात नांदतात. तिथे हे तेल टाकणं म्हणजे पिस्टन आणि कॅमशी वैर. त्या गाड्यांना पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचं, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (तेलात भिजणाऱ्या क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण) छापलेलं तेलच घालायचं. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे. (अपवादही आहे. २००७ पासून ट्रायल्सची जागतिक विजेतेपदं ओळीने जिंकत आलेला टोनी बोऊ ज्या माँटेसा गाडीवर उभा असतो, त्या कोटा ४आरटीचं इंजिन फोर-स्ट्रोक आहे, पण त्यात इंजिनाचं तेल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं.)

बाकी मुद्द्यांवर मात्र मी माघार घेणार नाही.

तुमची आरएक्स आणि माझी गाडी दोन्ही टू-स्ट्रोक. इंजिनाचं वंगण पेट्रोलबरोबर जळून जातं आणि गिअरबॉक्सचं तेल आपलं आपण वेगळं राहतं. इथपर्यंत आपण भाऊ-भाऊ. पण तुम्ही स्वारगेटहून हडपसरला जाताना क्लच किती वेळा दाबता? सिग्नलला, आणि गिअर टाकताना. मी रविवारी सकाळी बोपदेव घाटापलीकडे एका मित्राच्या शेतातल्या ओढ्यात खडकांवर सराव करतो. तीन तासांत गाडी फार तर दहा किलोमीटर हलते, पण त्या तीन तासांत एक बोट सतत क्लचवर असतं. खडकासमोर गाडी उभी, पाय खाली टेकायचा नाही कारण टेकला की दंड, इंजिन गरगरतंय, क्लच अर्धवट दाबलेला, आणि मग एका झटक्यात सोडायचा. असं शेकडो वेळा. म्हणून या गाडीत तेल आधी क्लचचं असतं, मग गिअरचं. तुम्ही गिअरच्या बाजूने विचार केलात, त्यामुळे जाड तेल तुम्हाला बरं वाटतं. गिअरला ते बरंच आहे. पण जाड तेलात क्लचच्या प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत. क्लच पूर्ण दाबला तरी गाडी पुढे रेटत राहते आणि न्यूट्रल सापडता सापडत नाही. घाटात हा त्रास असतो, खडकाच्या कडेवर असाल तर तोंडावर आपटता.

आता ते लाल तेल. जुन्या कित्येक कारच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये ते जातं हे खरं, पण त्याचा जन्म त्यासाठी झालेला नाही. ते ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आहे, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या पोटात काय असतं? तेलात भिजलेल्या क्लच प्लेटांच्या चवडी. म्हणजे ओला क्लच नीट पकडावा आणि नीट सुटावा, हेच त्या तेलाचं पोटापाण्याचं काम. शंभर डिग्रीला त्याचा दाटपणा २०डब्ल्यू४० च्या साधारण निम्मी भरते. म्हणून ट्रायल्सवाले ते वापरतात. तरीही ज्याच्या गाडीच्या पुस्तकात दुसरं तेल लिहिलं असेल त्याने पुस्तकाचं ऐकावं, माझं नाही. उलट खरा धोका वेगळ्याच डब्यांत आहे. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं कारचं इंजिन ऑइल टाकलंत की क्लच घसरू शकतो. डिफरन्शिअलचं जीएल-५ तेल टाकलंत तर त्यातली गंधक-फॉस्फरसवाली द्रव्यं पितळ-ब्राँझच्या बुशांना खाऊ शकतात.

पंचाहत्तर आणि चाळीस: हे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांवरचे आकडे आहेत, शाळा कुठलीही असो. गिअर ऑइलची मोजणी वेगळी, इंजिन ऑइलची वेगळी. गिअरचं ९० नंबर तेल इंजिनाच्या ४०-५० च्या आसपास येतं. त्या हिशोबाने ७५डब्ल्यू पातळच.

दहा-बारा तासांचं म्हणाल, तर माझ्या गाडीत तेल मावतं अर्ध्या लिटरच्या आसपास. तेवढ्याशा तेलात क्लचच्या प्लेटांची झीज उतरते, ती गाळायला फिल्टर नाही. तीन-चार रविवारांनंतर लाल तेल काळपट राखाडी होऊन बाहेर येतं. माझ्याकडे मीटर किलोमीटरचा नाहीच, मग तासच मोजायचे. चोचल्यांचा हिशोबही सांगतो: एक लिटरच्या डब्यात दोनदा काम होतं, आणि क्लच प्लेटांचा नवा सेट बाहेरून मागवायचा तर त्याच पैशात बरेच डबे येतात.

मोजण्यावरून तुम्ही कंपाउंडर म्हणालात ते मला आवडलं, मोजपात्र खरोखरच प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातलं आहे. पण अर्ध्या लिटरमध्ये शंभर मिली चुकणं म्हणजे पाचवा हिस्सा चुकणं. तेल जास्त झालं तर क्लच जड होतो आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा बाहेर जायच्या नळीतून, तेल बाहेर येतं. ते सोसायटीच्या पार्किंगमधल्या फरशीवर पडलं, तर सेक्रेटरींची चिठ्ठी येते. तीही आली आहे. तेल कमी पडलं तर काय होतं ते सांगायला नकोच. शिवाय गाडी स्टँडवर कलती ठेवून तेलाची खिडकी बघितली तर ती खोटं बोलते. गाडी सरळ उभी करायला दुसरा माणूस लागतो. आमच्याकडे ते काम बायको करते, पेपर वाचत.

तेल काढण्याआधी इंजिन थोडं चालवा, याला तुम्ही ‘नाटक’ म्हटलंय. इथे तुम्हाला अर्धा गुण. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पार्किंगमधलं तेल तसंही पातळच असतं. पण चालवण्याचं कारण नुसती उष्णता नाही. तळाशी बसलेला गाळ तेलात ढवळला जातो आणि तेलाबरोबर निघून जातो. थंड गाडीचा नट काढला तर तेल येतं, गाळ आतच राहतो.

नटावरून आठवलं. लेखात हे लिहायला लाज वाटली होती. पहिल्या वर्षी मी ड्रेन नट ‘आणखी थोडा’ म्हणत आवळला आणि ॲल्युमिनियमचे आटे गेले. लेथवाल्याने बुश बसवून दिला, वर विचारलं, ‘साहेब, कुस्ती खेळता का?’ तेव्हापासून तांब्याचं वायसर दर वेळी नवं, नाना पेठेतून मूठभर आणून ठेवलेलं, आणि पाना लहान दांड्याचा. नटाच्या चुंबकावर काळं मलम असेल तर ठीक, ते नेहमीचंच. चकाकते तुकडे दिसले की काम वाढलं.

जुनं तेल मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साठवतो आणि वापरलेलं तेल घेणाऱ्या गॅरेजला देतो. गटारात ओतलं तर ते मुठेत जातं. तुमच्या प्रतिक्रियेत ‘कुंपणाला वाळवी लागू नये म्हणून ओततो’ असं आहे. नका ओतू. कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडतं.

आता शेवटचं, आणि यासाठीच खरं तर एवढं लांबलचक लिहायला बसलो. तुम्ही अभिमानाने लिहिलंत की मध्ये मध्ये शंभरेक मिली टॉपअप करावं लागतं, बाहेर मात्र एक थेंब गळत नाही. खाली आणखी एक ओळ होती, की ‘हल्ली सकाळी जरा पांढरा धूर जास्त येतो, पण जुनी गाडी म्हटल्यावर येणारच’.

ही दोन वाक्यं एकत्र वाचा. टू-स्ट्रोक गाडीत गिअरबॉक्सचं तेल बाहेर न गळता कमी होत असेल, तर ते बहुधा इंजिन पितंय. क्रँक आणि क्लच यांच्या मधलं सील कडक झालं, की प्रत्येक फेरीला क्रँककेसमधल्या ओढीने तेल आत खेचलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन जातं. प्लग काढून बघा. काळा, ओला, तेलकट असेल तर शंका आणखी बळावते. क्लचच्या बाजूचं क्रँक सील तपासून घ्या, आणि इंजिन उघडलंच तर मॅग्नेटच्या बाजूचंही बदलून टाका. ते गेलं तर इंजिन तेलाऐवजी हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन धरतो. तोवर तेलाची पातळी दर आठवड्याला बघत राहा, २०डब्ल्यू४० असलं तरी माझी हरकत नाही.