रंग खरवडायला म्हणे मुलांना बसवा!

"वाड्याचं लाकूड, घराचं सोनं" या मथळ्याचा मेसेज गेले काही दिवस प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. वर नक्षीदार दाराचा फोटो, खाली मुद्दे: जुने रंग नैसर्गिक असतात, जुन्या सागवानाला वाळवी लागत नाही, कौलावरचं साल बघून वस्तूचं वय ओळखा, पडक्या देवळा-वाड्यातलं सामान उचलायला कायद्याची आडकाठी नाही, आणि नव्यापेक्षा हे सगळं निम्म्या किमतीत होतं. इतके दिवस मी तो वाचून सोडून देत होते. पण परवा माझ्या मावसबहिणीने वखारीतून दोन फळ्यांचं हिरवं दार आणलं, बाल्कनीत आडवं टाकलं आणि मला फोन केला, "पॉलिशपेपर कितव्या नंबरचा आणू गं? पोरं मागे लागलीयेत, आम्हीच घासतो म्हणून." त्यातला धाकटा अडीच वर्षांचा आहे.

तिचा काय दोष? मेसेजमध्येच लिहिलंय: "पूर्वी केमिकल नव्हती. रंग घरीच घासून काढा, सुट्टीत मुलांना सोबत घ्या, मोबाइलही सुटेल."

कुठले नैसर्गिक रंग? गेरू, काव, चुना ही भिंतींची कामं. लाकडाला बहुधा तेल पाजलेलं असायचं. दारावर आज जो हिरवा, निळा, बदामी थर दिसतो तो नंतर डब्यातून आलेला ऑइलपेंट आहे. घरात लग्न निघालं की एक हात, दिवाळीला जमलं तर आणखी एक. बहिणीच्या दाराचा एक टवका उडालाय तिथे नीट पाहिलं तर हिरव्याखाली बदामी, त्याखाली आकाशी आणि तळाशी पुन्हा एक जुनाट हिरवा दिसतो. लाकूड त्याच्याही खाली.

आणि त्या काळच्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. रंग लवकर वाळावा म्हणून शिसं, पांढरा दाट बसावा म्हणून शिसं, पिवळा उठावदार दिसावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे तेही शिशाचंच. त्याच पिवळ्यात निळा मिसळून दारं-खिडक्यांचा तो ओळखीचा हिरवा बऱ्याचदा तयार व्हायचा. लोखंडी गजांना आणि कठड्यांना खालून शेंदरी प्रायमर दिलेला सापडतो, तो तर बहुतेकदा शिशाचाच. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर कायद्याने बंधन आलं ते 2016 च्या केंद्रीय नियमांनी, आणि ते लागू झालं 1 नोव्हेंबर 2017 पासून. मर्यादा 90 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग. आता हिशोब तुम्हीच करा. 1965 साली रंगवलेल्या दाराला हा नियम कुणी लावला असणार?

जागतिक आरोग्य संघटना याबद्दल आडवळणाने बोलत नाही. रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी माहीत नाही, असं ती सांगते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलं मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतात, हेही तिचंच म्हणणं. परिणाम होतो मेंदूच्या वाढीवर, आणि तो भरून निघत नाही. ना ताप येतो ना पुरळ उठतं, रक्त तपासल्याशिवाय कळतही नाही. पॉलिशपेपरने कोरडं घासलं की रंगाची पिठासारखी धूळ होते, ती फरशीवर, गादीवर, खेळण्यांवर बसते. अडीच वर्षांचं पोर फरशीवर लोळतं आणि हात तोंडात घालतं. बाल्कनीत घासलं म्हणून काय झालं? बाल्कनीचं दार घरातच उघडतं ना!

मेसेजमध्ये याहून भारी तोडगाही आहे: "रंग निघत नसेल तर ब्लो लॅम्पने जाळा." म्हणजे धूळ पुरेशी वाटली नाही, आता धूरही घ्या.

मग करायचं काय? रंग घट्ट असेल, पोपडे सुटत नसतील, तर तो काढूच नका. ओल्या फडक्याने पुसून वर पारदर्शक कोट मारा आणि दार भिंतीला टेकवून शोभेला ठेवा. उघडझाप होणाऱ्या ठिकाणी मात्र ते लावू नका, कडा घासल्या की धूळ पुन्हा सुरू. काढायचाच असेल तर आधी थोडे पोपडे एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत शिशासाठी तपासून घ्या. नंतर हे काम घराबाहेर, पेंट रिमूव्हरने, पृष्ठभाग ओला ठेवून, माहीतगार माणसाकडून. नाकाला रुमाल बांधणं म्हणजे मास्क नव्हे. मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोत. नंतर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे धुवा. मी बहिणीला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, पण आमच्या आजोळी आम्ही असंच घासायचो, काय झालं आम्हाला?" यावर मी काय बोलणार! कुणी मोजलं होतं तेव्हा?

बाकीचे मुद्दे भराभर.

"जुन्या सागवानाला वाळवी लागत नाही." हे अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागतं. सागाच्या गाभ्यात असे घटक असतात की वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि जुन्या मोठ्या झाडांच्या लाकडात गाभा भरपूर असायचा. पण बाहेरच्या पांढरट भागाला हे लागू नाही, तो भाग भुंगा आवडीने खातो. शिवाय वखारीत सागवान म्हणून दाखवतात त्यात आंबा, फणस, ऐन काहीही निघतं. बारीक गोल भोकं आणि खाली ताजा, फिकट भुसा दिसला तर ते लाकूड घरी आणू नका. चौकट घेताना खालची वीतभर स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा, जमिनीत गाडलेला भाग बहुतेक वेळा कुजलेला असतो.

कौलावरच्या सालाची गंमतच आहे. मंगळुरी कौलावर 1865 कोरलेलं दिसलं की विकणारा ते दीडशे वर्षांचं म्हणून विकतो, आणि मेसेजही तेच शिकवतो. 1865 हे बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला ते साल. पुढची कित्येक दशकं कौलांवर तेच साल उमटत राहिलं. आल्बुकर्क या तिथल्याच दुसऱ्या कारखान्याच्या 1868 वाल्या कौलांचंही तसंच. तुमचं कौल तुमच्या आजोबांपेक्षा लहान असू शकतं. "पेशवेकालीन, अस्सल बर्मा टीक" हे लेबलही याच जातीचं. पेशवाई बुडाली 1818 साली. ब्रह्मदेशातलं लाकूड व्यापारासाठी आणणारी बॉम्बे बर्मा कंपनी निघाली ती 1863 साली.

कायद्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात, किमान 100 वर्षं जुनी आणि इमारतीतून किंवा लेण्यातून सुटी केलेली वस्तूही पुरावस्तूच्या व्याख्येत येते. तिचा धंदा करायला परवाना लागतो, आणि परदेशी पाठवणं खाजगी माणसाला बंद आहे. तेव्हा सून अमेरिकेला जाताना दारावरची कोरीव गणेशपट्टी बॅगेत घालू नका. आणि "पडक्या देवळाचा मालक कोण?" हा प्रश्न तर निर्लज्जपणाचाच. गावाबाहेरच्या वीरगळी उचलून फार्महाऊसच्या दारात उभ्या करणारे महाभाग मी पाहिलेत. त्याला सजावट म्हणत नाहीत, चोरी म्हणतात. घर पाडताना मालकाने विकलेलं सामान घ्या, आणि कुठल्या घरातलं ते लिहिलेली पावती मागून घ्या.

राहता राहिली निम्मी किंमत. जुनं वापरावं, नवं झाड वाचतं, यात वाद नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी घासाघीस करून एखादी पितळी कडी किंवा बिजागरी स्वस्तात मिळते, मीही घेते. दाराचं तसं नाही. वाड्याचं दार बुटकं, तुमच्या फ्लॅटची चौकट सात फुटी. वर जोडपट्टी आलीच. लाकडात मोडून राहिलेले खिळे असतात, त्यामुळे सुतार ते रंध्याच्या मशीनवर चढवत नाही, एक खिळा लागला तरी पातं जातं. खिळे हाताने उपटायचे म्हणजे दिवसाची मजुरी वेगळी. त्यात टेम्पो, हमाल, पॉलिश. वखारवाल्याला पैसे द्यायच्या आधी सुताराला तिथे घेऊन जा आणि त्याच्या मजुरीचा आकडा तिथेच विचारा.