गव्याच्या शेजारी प्लॉट घेताना

कोल्हापुरात रंकाळ्याची हवा आता पूर्वीसारखी राहिली नाही अशी तक्रार असेल आणि खिशात दोन पैसे खुळखुळत असतील, तर उशीर करू नका. दाजीपूरच्या वाटेवर, गव्यांच्या राधानगरी अभयारण्यालगत जमीन बघा. एजंट 'निसर्गाच्या कुशीत' म्हणेल. तुम्ही सातबारा बाजूला ठेवून कुशीकडेच लक्ष द्या.

आधी पाटीचं ठरवा. 'रिसॉर्ट' लिहिण्याइतके भोळे राहू नका. अभयारण्यात व्यावसायिक लॉज-हॉटेल बांधायचं तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमंजुरी लागते, असं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३३ सांगतं. राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू, म्हणजे चांदोलीकडे सरकूनही सुटका नाही. तेव्हा 'शेतघर' लिहा. बारा खोल्यांचं शेतघर. स्विमिंग पूल? ते शेततळं.

हद्दीबाहेर गेलात तर पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, म्हणजे अभयारण्याभोवतीचा निर्बंधांचा पट्टा, आडवं येतं. तिथल्या अधिसूचनांत सहसा असं असतं की हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत नवीन हॉटेल-रिसॉर्ट नको, पर्यटकांसाठी छोटे तात्पुरते निवारे तेवढे चालतील. या 'तात्पुरते'वर जीव लावा. स्लॅब आज ना उद्या पडतोच की!

खरा नाद खुळा पुढे आहे. वन खात्याला सांगा, जागा खासगी आहे, विषय महसूलचा. तहसीलदारांना सांगा, नकाशा नगररचनाकडे आहे. नगररचनात गेलात की आवाज चढवा: "साहेब, तिथं जंगलाचे कायदे! तुमचा १९६६ चा नगररचना कायदा शहरवाल्यांना." ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मात्र फ्रेम करून काउंटरवर टांगा, जणू ब्रह्मदेवानंच सही केलीय. एखादं आगाऊ पोरगं म्हणेल, की हे सगळे कायदे एकदमच लागतात, वन खात्यानं हो म्हटलं म्हणून बांधकाम परवाना माफ होत नाही आणि बिनशेती झाली म्हणून वन्यजीव कायदा उठत नाही. बरोबरच बोलतंय ते. त्याला पटकन तांबडा-पांढरा वाढा.

आणि जाहिरातीत इतिहास घालायला विसरू नका. शाहू महाराजांच्या काळापासून राखलेलं रान, १९५८ चं राज्यातलं पहिलं अभयारण्य, १९८५ मध्ये वाढून साडेतीनशे चौरस किलोमीटर, २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात. इतक्या जणांनी इतकी वर्षं तुमच्यासाठी व्ह्यू सांभाळला, नाहीतर प्लॉटला हा भाव आला असता का?

शेजारच्या धनगरवाड्यावर कुणी गोठ्याचा पत्रा बदलत असेल, तर कायदा काय म्हणतो ते त्याला नक्की सांगा. शिस्त कुठूनतरी सुरू व्हायला हवी.

नोटीस आली तर नियमितीकरणाचा अर्ज टाका, विषय 'स्थानिकांना रोजगार'. आणि रात्री एखादा गवा कंपाउंड मोडून लॉनवर आलाच, तर लगेच वन खात्याला फोन लावून अतिक्रमणाची तक्रार नोंदवा. त्याच्याकडे सातबारा नसतो, ही तुमची जमेची बाजू.