रेनकोटच्या भावना

आमच्या लहानपणी आईला पेरेंटिंग वगैरे करावं लागायचं नाही, ती फक्त बघायची. ओटीवर पाहुणे बसलेत आणि आपला हात दुसऱ्या लाडवाकडे गेला की माजघराच्या दारातून डोळे वटारले जायचे, हात आपोआप मागे. तेवढ्याने भागलं नाही तर निगडीचा फोक, तोही आम्हीच तोडून आणायचा आणि बारीक आणला तर परत जायचं. तिन्हीसांजेला परवचा, त्यात पावकी, निमकी, औटकी. साडेतीनाचा पाढा माणसाला कुठे लागतो देव जाणे, पण सात औटे साडेचोवीस मला झोपेतही येतं. तुला काय वाटतं हे मात्र कोणी विचारलं ते थेट लग्न ठरताना, ते पण होकार कळवून झाल्यावर.

शाळेतला मार कायद्याने बंद झाला तो २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने, लागू १ एप्रिल २०१० पासून, तोवर आमची बॅच हात लाल करून बाहेर पडलेली.

म्हणून मुलगा झाल्यावर ठरवलं, मारायचं नाही म्हणजे नाही. फोकाने शिस्त लागते असं कोणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं, फोकाने फक्त सफाईने खोटं बोलता येतं, आम्हाला येतं. पण मग रील्स बघून जेंटल पेरेंटिंग सुरू केलं, म्हणजे न मारता, न ओरडता, पोराच्या भावना समजून घेत वाढवायचं. त्यातली खरी गोष्ट अशी की डायना बॉमरिंड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६६ मध्येच लिहून ठेवलंय, एक हुकूमशाही आईबाप, एक सगळंच चालतं वाले, आणि तिसरे ज्यांच्याकडे माया पण असते आणि नाही म्हणजे नाही पण असतं. जेंटलवाले स्वतःला या तिसऱ्यात धरतात. रीलमध्ये मायेलाच मिनिट संपतं, 'नाही'पर्यंत पोचतच नाही.

आता हे मालवणात, जुलैत, भर पावसात, सकाळी शाळेची रिक्षा दारात उभी असताना करून बघा. मी खळ्यात गुडघ्यावर बसून, मागून पागोळ्या थेट मानेत, त्याच्या डोळ्यांत बघत, "बाळा, तुला रेनकोट आवडत नाहीये ना, मला कळतंय, मग निळा घालूया की पिवळा?"

"कुठलाच नाही."

ओटीवरून सासूबाई, "अगो, त्येका इचारतंस कित्याक? घाल अंगार आणि धाड!" शेजारच्या काकू दात घासता घासता कुंपणाशी येऊन उभ्या, आमच्या वाडीत भावना खाजगीत समजून घ्यायची सोयच नाही. मी तरी दीर्घ श्वास घेऊन, "पावसाचा राग आलाय का तुला?" तर म्हणे, "नाही, तुझा."

रिक्षावाल्या काकांनी मान बाहेर काढली. "वहिनी, अजून चार पोरां घेवची आसत." मग त्याच्याकडे बघून नुसतं म्हणाले, "रेनकोट."

घातला. पिवळा. बटणं पण स्वतः लावली आणि टुणकन आत जाऊन बसला.

गृहपाठाच्या वेळी पण येतील का विचारायला हवं, पेट्रोलचे वेगळे देईन म्हणते.