पर्वती दिसणारी खोली

नोकरी सोडताना लॅपटॉप, ओळखपत्र आणि कँटीनचं कार्ड परत द्यावं लागतं, हे मला ठाऊक होतं. त्यांच्याबरोबर आरोग्य विमाही परत जातो, हे एचआरच्या मुलीने मी सही करत असताना सांगितलं. "मॅडम, आता स्वतःची पॉलिसी काढून घ्या हं," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "आजारी पडायच्या आधी."

माझं वय 46. घरात आई आणि मी. आईला या विषयाची अजिबात चिंता नाही. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, मग त्यांचं उत्पन्न काहीही असो, वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार देणारं आयुष्मान वय वंदना कार्ड 2024च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि आईने ते आधार दाखवून, बोटाचा ठसा देऊन पदरात पाडून घेतलं. कोणी तिला विचारलं नाही की बाई, तुमचं बीपी किती, गुडघे कधीपासून दुखतात. आता ते कार्ड तिच्या पर्समध्ये रेशन कार्डाशेजारी असतं आणि माझ्याकडे बघून ती अधूनमधून पर्स उघडून बंद करते. "तुझी 24 वर्षं राहिली," असंही एकदा म्हणाली.

तर 24 वर्षांची सोय करायला मी कंबर कसली. पॉलिसींची तुलना करून देणाऱ्या एका वेबसाइटवर गेले. तुलना फुकट होती, फक्त मोबाइल नंबर द्यायचा होता. तो दिल्यावर तुलना दिसायच्या आधी फोन वाजला.

"मॅडम, आपल्यासाठी बेस्ट प्लॅन आहे."

"माझ्याबद्दल काय माहिती आहे तुम्हाला?"

"आपलं वय 46, मॅडम."

"आणखी?"

"आणि आज शेवटचा दिवस आहे."

माझ्या पोटात गोळाच आला. "ऑफरचा," तो म्हणाला.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ फोन येत राहिले. सगळे माझे रिलेशनशिप मॅनेजर होते. त्यातल्या एकाशीही माझं रिलेशन दुसऱ्या दिवसापर्यंत टिकलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी नवा मॅनेजर यायचा आणि वयापासून सुरुवात करायचा. एकाला मी म्हटलं, तुम्ही मला पॉलिसीची नियमावली मेल करा, मी वाचते आणि मग बोलू. पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं फोन कट झाला. "मॅडम, वाचायचं कशाला, मी आहे ना!" तो दुखावल्या आवाजात म्हणाला.

घरच्यांचा सल्ला घ्यावा म्हटलं. आत्याचे यजमान मोठ्या मनाने हसले. त्यांच्या काळी प्रश्नच नव्हता. 1986मध्ये मेडिक्लेम सुरू झाला तेव्हा सामान्य विमा विकणाऱ्या चार सरकारी कंपन्या. मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल, कोलकात्याची नॅशनल, चेन्नईची युनायटेड इंडिया. चारींकडे तेच कलम, तोच हप्ता. काका कचेरीत गेले, सही केली, वडापाव खाऊन घरी आले. खासगी कंपन्या आल्या 2000नंतर, आणि स्पर्धेमुळे ग्राहकाला निवड मिळाली, असं आपण म्हणतो. ती निवड मी एक्सेलमध्ये भरायला घेतली.

पहिला स्तंभ प्रीमियमचा. हा भरणं फार सोपं. दुसरा विमा रकमेचा, तोही सोपा. तिसऱ्यापासून माझा स्वभाव बदलत गेला. एका कंपनीचा क्लेम न केल्याचा बोनस वर्षाला 10 टक्के, दुसरीचा 50, पण तिथे क्लेम केला की तो त्याच पावलांनी परत जाणार. एकीकडे रक्कम संपली तर ती पुन्हा भरून मिळणार, पण वेगळ्या आजारासाठी. म्हणजे आजारी पडावं तर आलटून पालटून. तिसरीकडे त्याच आजारालाही चालेल, फक्त मधे 45 दिवस जाऊ द्या. हे एका स्तंभात कसं बसवायचं? माझ्या एक्सेलच्या चौकोनांत आकड्यांऐवजी परिच्छेद दिसू लागले. प्रत्येक प्लॅनमध्ये एक गोष्ट अशी होती जी बाकी कशातच नव्हती, आणि ती मुद्दामच ठेवलेली आहे अशी माझी खात्री झाली, कारण दोन वस्तू एकसारख्या नसल्या की ग्राहक शेवटी तुलना करता येईल अशा एकमेव आकड्याकडे बघतो. पहिल्या स्तंभाकडे.

क्लेमच्या आकड्यांचीही तीच गत. क्लेम सेटलमेंट रेशो म्हणजे शंभर दाव्यांतले किती निकाली काढले. त्यात किती पैसे दिले ते येत नाही. 2 लाख मागितलेल्याला 90 हजार दिले तरी दावा निकाली. म्हणून जाणकार म्हणतात, इन्कर्ड क्लेम रेशो बघा. गोळा केलेल्या प्रीमियमपैकी दाव्यांवर किती टक्के गेले ते. बघितला. शंभरच्या वर असेल तर कंपनी टिकेल का ही काळजी, पन्नासच्या आसपास असेल तर मी टिकेन का ही.

मग आला रूम रेंट. इथे मी खुर्ची पुढे ओढली.

जुन्या धाटणीच्या कितीतरी पॉलिसींत खोलीचं भाडं विमा रकमेच्या 1 टक्का इतकंच मान्य असतं. 5 लाखांची पॉलिसी, म्हणजे दिवसाला 5 हजारांची खोली. मला वाटलं, बरं, मी 8 हजारांची घेतली तर वरचे 3 हजार मी देईन, हिशेब संपला. हिशेब तिथून सुरू होतो. कारण इस्पितळात खोलीचा वर्ग वाढला की सर्जनची फी वाढते, भूलतज्ज्ञाची वाढते, ऑपरेशन थिएटरचं भाडं वाढतं. सर्जन तोच, टेबल तेच, अपेंडिक्ससुद्धा तेच. पण पेशंटच्या खिडकीतून पर्वती दिसते म्हणून अपेंडिक्सची किंमत वेगळी. तेव्हा विमा कंपनी म्हणते, तुम्ही आठातल्या पाचच हजारांच्या लायकीच्या, म्हणून या सगळ्या खर्चाचेही आठातले पाचच भाग देऊ. 2 लाखांचं बिल असेल तर 1 लाख 25 हजार कंपनीचे आणि 75 हजार माझे, खोलीचा फरक निराळा. औषधं आणि इम्प्लांट या कात्रीतून सुटतात, हे नियामकाचे उपकार.

मी हे आईला कागदावर मांडून दाखवलं. तिने चष्मा लावून नीट वाचलं. "पर्वती घरच्या गच्चीवरून दिसते की," ती म्हणाली.

त्यानंतर प्रतीक्षा काळ. पहिले 30 दिवस अपघात सोडून काहीच नाही. ठीक. मग 24 महिने न मिळणाऱ्या आजारांची यादी: मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, मुतखडा, सायनस, गुडघेबदल. आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात होणारा सगळा संवाद त्या यादीत होता. त्या यादीबाहेरचं काही झालंय असं एकही ओळखीचं नातलग मला सापडेना. आणि आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त 36 महिने. पूर्वी ते 48 होते, इर्डाने, म्हणजे विमा नियामकाने, 2024मध्ये कमी केले. माझा थायरॉइड तेवढा काळ दम धरेल, त्याला सवय आहे.

इर्डाबद्दल बोलायलाच हवं, कारण या सगळ्या भानगडीत मला त्यांचंच एक काम मनापासून आवडलं. 2020मध्ये त्यांनी आरोग्य संजीवनी नावाची एक ठरावीक पॉलिसी आणली. कुठल्याही कंपनीची घ्या, कलमं तीच. खोली 2 टक्के, पण दिवसाला कमाल 5 हजार. मोतीबिंदूला डोळ्यामागे कमाल 40 हजार. प्रत्येक दाव्यातले 5 टक्के आपले, यालाच को-पे म्हणतात. ऐषाराम नाही, पण मजकूर सगळीकडे सारखा आणि वेगळी फक्त किंमत. म्हणजे जिची तुलना माणसाला खरोखर करता येते अशी एवढीच. आणि माझ्या इतक्या रिलेशनशिप मॅनेजरांपैकी एकानेही तिचं नाव काढलं नाही. मीच काढलं तेव्हा एक म्हणाला, "मॅडम, ती आपल्यासाठी नाही." मग ती कोणासाठी आहे ते त्यालाही सांगता येईना.

खरं सांगायचं तर मलाही शेवटी तिच्यापेक्षा जास्त हवं होतं. पुण्यातल्या मोठ्या इस्पितळाचं बिल बघितलेल्या माणसाला 5 हजारांच्या मर्यादेत झोप लागत नाही. मी खोलीची मर्यादा नसलेला, 10 लाखांचा, को-पे नसलेला प्लॅन नक्की केला. सीए मित्राला उत्साहाने विचारलं, प्राप्तिकरात 80डीखाली 25 हजारांची वजावट मिळेल ना? "तू नवीन करप्रणालीत आहेस, तिथे नाही मिळत," तो म्हणाला आणि सांत्वन म्हणून पुढे, "पण 22 सप्टेंबर 2025पासून हप्त्यावरचा जीएसटी तर गेला ना, 18 टक्के वाचले." वाचले खरे. वय 46चं झालं नसतं तर अजून वाचले असते.

फॉर्म भरला आणि कंपनीच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. रविवार सकाळ, आई स्वयंपाकघरात, फोन स्पीकरवर, कारण मी हाताने फाइल चाळत होते.

"उंची?"

"5 फूट 2."

"वजन?"

"62."

"कधीचं?" आतून आवाज.

डॉक्टरबाई थांबल्या. "मॅडम, आपल्याबरोबर कोणी आहे का? कॉल रेकॉर्ड होतोय."

"आई आहे. 68 लिहा."

"सिगारेट? तंबाखू? मिश्री?"

"नाही."

"मिश्री तिच्या आजीला होती," आई आता पदराला हात पुसत दारात उभी. "पण आजी 91 वर्षं जगली, तेही लिहा."

"घरात कोणाला मधुमेह, हृदयविकार?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता, पण आईला तो इतकी वर्षं कोणी विचारला नव्हता. तिने माहेरापासून सुरुवात केली. चुलतमामा, त्यांचा अँजिओग्राफीचा किस्सा, रुबी हॉल की ससून यावरून झालेला वाद, मग सासरचे. डॉक्टरबाईंनी मधे एकदा "फक्त आईवडील आणि भावंडं" असं म्हणून पाहिलं. मी फोन आईकडे देऊन चहा ठेवला. लपवून ठेवायचं नाही, हे मी ठरवलंच होतं. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की फसवणूक सोडून इतर कारणाने कंपनी माहिती लपवल्याचा मुद्दा काढू शकत नाही, पण त्या पाच वर्षांच्या आत काढू शकते, आणि नेमकं ते इस्पितळाच्या बिल काउंटरवर कळतं. तर आईने लपवण्यासारखं काहीच शिल्लक ठेवलं नाही.

आठवड्यात पत्र आलं. वजनापोटी आणि थायरॉइडपोटी हप्ता 10 टक्के जास्त, मान्य असल्यास कळवा. आईच्या मते हे तिने खरं सांगितल्याचं बक्षीस नसून मी रात्री अकरा वाजता फरसाण खाते त्याचा दंड आहे. मी मान्य कळवलं. पॉलिसी आली. 30 दिवसांत न आवडल्यास परत करता येते म्हणून मी ती खरोखर वाचायला बसले. पुढच्या बाजूला ग्राहक माहिती पत्रक असतं, त्यात मुद्द्याचं सगळं मोजक्या जागेत सापडतं. ते जर मला पहिल्याच फोनवर कोणी पाठवलं असतं तर एक्सेल लागलं नसतं.

आता घराण्यात मी तज्ज्ञ ठरले आहे. परवा मामेभावाचा फोन आला. तोही नोकरी सोडतोय.

"ताई, तू एवढा अभ्यास केलायस म्हणे. मी कुठली घेऊ?"

मला भरून आलं. मी एक्सेल उघडलं, पाणी प्यायले. "हे बघ, सगळ्यात आधी रूम रेंट. समज तू 8 हजारांची खोली घेतलीस—"

"ते राहू दे गं. सगळ्यात स्वस्त कुठली?"