देवस्थानच्या लॅपटॉपला वीस ओळींची स्क्रिप्ट

गावच्या देवस्थान समितीचा किंवा नाट्यमंडळाचा लॅपटॉप उघडा. डेस्कटॉपवर 'जत्रा फायनल', 'जत्रा फायनल २', 'जत्रा खरंच फायनल' हमखास दिसेल. मग कोणीतरी नवं ॲप सुचवतं. माझं मत उलटं आहे: ॲप राहू द्या, वीस ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला कामं सांगणारी छोटी सूचनायादी, लिहा. ती फक्त तुमच्या कामापुरती असते, बाजारात कोणी विकत घेणार नाही, आणि खरी मजा त्यातच आहे.

सुरुवात ऑटोहॉटकीने करावी, म्हणजे ठरवलेली खूण टाइप केली की तिच्या जागी अख्खा मजकूर टाकणाऱ्या प्रोग्रामने. फुकट आहे, विंडोजवर चालतं. त्यात खूण एकदा नोंदवली, की इंग्रजी कीबोर्डवर एक्स-पी-टी मारून स्पेस दिल्यावर समितीचं नाव, वाडा, तालुका, पिनकोड सगळं देवनागरीत उमटतं. खुणेची अक्षरं कुठल्याही शब्दात न येणारी निवडा, नाहीतर भलत्याच पत्रात पत्ता टपकेल. आवृत्ती २ घ्या, ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. नेटवरची बरीच उदाहरणं जुन्या १.१ ची आहेत, ती तशीच चिकटवली तर एरर येतो.

पुढचं काम बॅकअपचं. रोबोकॉपी, म्हणजे फोल्डरची नक्कल दुसरीकडे करणारी आज्ञा, विंडोजमध्येच असते. तिला 'ई' स्विच (आज्ञेपुढे लिहायची जादा सूचना, /E) द्या, म्हणजे आतले फोल्डरही जातात. 'एमआयआर' (/MIR) स्विच जो तो सुचवतो, पण तो आरसा आहे: मूळ फोल्डरमधून चुकून उडालेली फाइल पेनड्राइव्हवरूनही उडवतो. हिशेबाच्या वहीला असला आरसा नको. मग विंडोजच्याच टास्क शेड्युलरमध्ये, जो ठरल्या वेळी काम आपोआप चालवतो, रात्रीची वेळ लावा. आपल्याकडचा पावसाळा आडवा येतो तो इथे. 'फक्त वीजजोडणीवर असतानाच चालव' ही खूण तिथे आधीपासूनच केलेली असते. लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, की बॅकअप सुरूच होत नाही, आणि कोणाला पत्ताही लागत नाही. ती खूण काढा, 'वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव' ही करा. 'स्टार्ट इन'मध्ये स्क्रिप्टच्या फोल्डरचा मार्ग भरा. तो रिकामा राहिला तर हाताने चालणारी स्क्रिप्ट शेड्युलरकडून फाइली भलतीकडेच शोधत बसते. निकालात १ दिसला तर घाबरू नका, रोबोकॉपीच्या हिशेबी त्याचा अर्थ फाइली कॉपी झाल्या. ८ किंवा त्यावरचा आकडा आला तरच बिघाड.

सगळ्यात रंगतदार काम मात्र जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नाट्यसंहिता युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखी चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणण्याचं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक तक्ता करायचा: जुनं चिन्ह, नवं अक्षर. लांब जोड्या आधी बदला, सुटी चिन्हं शेवटी. नुसत्या तक्त्याने भागत नाही, कारण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. 'स्थिती'त ती स् आणि थ दोन्ही ओलांडून पलीकडे गेली पाहिजे. रफाराचं नेमकं उलटं, त्याला मागे आणावं लागतं. 'कीर्ती'तला रफार दुसऱ्या वेलांटीलाही ओलांडून त च्या आधी बसतो.

आणि ऱ विसरू नका. तक्त्यात तो सुटला तर 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. स्पेलचेक ते पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. म्हणून 'र्य' आणि 'र्ह' असलेल्या सगळ्या ओळी स्क्रिप्टकडूनच वेगळ्या काढून घ्या आणि मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा.