बोट लागणे

नोव्हेंबर संपत आला की आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला जिन्यात गाठतात. "साहेब, चार तारखेला दहा मिनिटं. आठवणी सांगा. जरा थरारक."

४ डिसेंबर म्हणजे नौदल दिन. १९७१ साली त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. सेक्रेटरींची अशी ठाम समजूत आहे की त्यांतल्या एकीवर मी होतो. त्या रात्री मी पाच वर्षांचा होतो आणि माण तालुक्यातल्या आमच्या गावी आईच्या गोधडीत झोपलो होतो. हे त्यांना तीनदा सांगून झालं. "असू दे हो," म्हणतात, "जरा वातावरणनिर्मिती करा."

माझी खरी अडचण निराळीच आहे. पंधरा वर्षं नौदलात काढली, पण डोळे मिटले की सगळ्यात आधी आठवतो तो वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा. तो डबा शाल-श्रीफळाच्या कार्यक्रमात काढता येत नाही, म्हणून इथे काढतो.

मराठीत गाडी लागते तशी बोट लागते. किती सोयीचं क्रियापद! आपल्याकडे माणूस आजारी पडत नाही, बोटच येऊन लागते, म्हणजे सगळा दोष तिचा. काहींना ती एकदा लागते आणि सोडून देते. मला ती नोकरीला लागलो तेव्हा लागली आणि पेन्शनीत निघालो तेव्हा सुटली.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेत जाणं नवीन नाही. जिल्ह्यात एक गाव तर मिलिटरी अपशिंगे या नावानंच ओळखलं जातं. माझे मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांना वाटायचं, पोरगं आपल्याच वाटेनं येणार. पण १९८४ साली नौदलाची भरती आधी निघाली आणि मी आधी दिसेल त्या रांगेत उभा राहिलो. समुद्र तोवर पाहिलेला नव्हता. मामा दोन दिवस बोलले नाहीत. आई मात्र खूश होती. आमच्याकडे उन्हाळ्यात आड तळाला जायचा, हंडाभर पाण्यासाठी रात्री नंबर लागायचा. एसटीत बसताना ती म्हणाली, "जा बाबा. निदान पाण्याला तरी तोटा न्हाई पडायचा तिथं."

पहिलं प्रशिक्षण ओडिशात, आयएनएस चिल्कावर. हे जहाज नाही, चिल्का सरोवराच्या काठावरचं केंद्र आहे. पण नौदलात जमिनीवरच्या केंद्रालाही जहाजच म्हणायची पद्धत. जमीन म्हणायची नाही, डेक म्हणायचं. फाटकाबाहेर चहा प्यायला जायचं तरी 'किनाऱ्यावर' जायचं. तिथून मला इंजिनाच्या शाखेत टाकलं आणि पाठवलं आयएनएस शिवाजीवर, म्हणजे लोणावळ्याला. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. जहाजाचं इंजिन शिकायला घाट चढून जावं लागतं, हे मामांना पत्रात कळवलं तेव्हा त्यांचं पहिलं उत्तर आलं: "तू नक्की नेव्हीतच आहेस ना?" लोणावळ्याच्या पावसात मी इतका भिजलो की समुद्राचं काही वाटेनासं झालं. डोंगरावर मी उत्तम खलाशी होतो.

मग जहाज मिळालं. नाव सांगत नाही, ते बिचारं निर्दोष होतं. लिअँडर वर्गातली फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. माझगाव डॉकनं बांधलेली पहिली नीलगिरी १९७२ साली नौदलात आली, तिच्या मागून आलेल्या बहिणींपैकी एक. वाफेवर चालणारी. आमची झोपायची जागा पुढच्या बाजूला, एकावर एक तीन बंक. वरच्या बंकवर नाकाशी पाइप, खालच्यावर येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय, म्हणून मधला बंक सीनियर लोकांचा. मी अर्थात वर.

जून महिन्यात मुंबई सोडली. प्रॉन्ग्ज दीपगृह मागे पडेपर्यंत मी डेकवर उभा राहून आईला काय काय लिहायचं ते ठरवत होतो. पुढच्या अर्ध्या तासात काहीच लिहायचं उरलं नाही. नैर्ऋत्य मोसमी वारा पुढून येत होता. जहाजाचं नाक वर जायचं, तिथे जरा विचार करायचं, मग खाली यायचं. पोट मात्र वरच राहायचं. डॉक्टर कारण सांगतात ते असं: कान म्हणतो आपण हलतोय आणि डोळ्याला समोरची भिंत स्थिर दिसते. दोघांचं भांडण, आणि मार पोटाला. म्हणून क्षितिजाकडे बघा म्हणतात. बॉयलर रूममध्ये क्षितिज कुठून आणू? तिथे होते फक्त डायल, तेलाचा वास आणि पन्नाशीच्या घरातलं तापमान.

मी शिडी उतरून खाली पोहोचलो तेव्हा आमचे चीफ, एक उंचेपुरे मल्याळी गृहस्थ, माझ्या तोंडाकडे बघून काहीच बोलले नाहीत. कोपऱ्यातून तो डबा काढला. दोन बाजूंना खिळ्यानं भोकं पाडलेली, त्यांतून सुतळी ओवलेली. तो त्यांनी हार घालावा तसा माझ्या गळ्यात घातला. "देखो," म्हणाले, "उलटी तुम्हारा पर्सनल मामला है. वॉच सरकारी है."

वॉच म्हणजे पाळी. रात्री बारा ते पहाटे चार, आठवी शिडी चढल्यासारखी लांबणारी. एका हातात व्हॉल्व्हचं चाक, डोळे वाफेच्या दाबावर, गळ्यात डबा. डब्याच्या कडेला अजून थोडं तूप चिकटलेलं होतं आणि त्या उष्णतेत ते वितळत होतं. त्या वासाचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की आमच्या घरी आजही डालडा आणत नाहीत आणि कारण विचारायची बायकोची हिंमत नाही.

ट्रफल्गरची लढाई जिंकणाऱ्या अ‍ॅडमिरल नेल्सनलाही बोट लागायची, असं एका तरुण अधिकाऱ्यानं मला धीर द्यायला सांगितलं. हे खरं आहे, त्याच्या पत्रांतच आहे. मला बराच धीर आला. मी ते चीफना सांगितलं. चीफ म्हणाले, "उसके पास डब्बा पकडने के लिए आदमी था."

आता पाण्याचं. आईला मी कधीच कळवलं नाही, पण जहाजावर पाणी दिवसातून ठरावीक वेळी, वीसेक मिनिटं सुटायचं. चहूबाजूंना समुद्र, आणि आम्ही बादल्या घेऊन रांगेत. थेट आमच्या आडावरचं दृश्य, फक्त आड हलत होता. गोडं पाणी जहाजावरच बनवायचो, समुद्राचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून. पण त्यातला पहिला मान बॉयलरचा. त्याला मिठाचा कण चालत नाही, नळ्यांना खार धरतो. परीक्षानळीत त्याचं पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी दुधासारखं झालं की मीठ आलं, धावपळ सुरू. बॉयलरच्या पाण्याची ही अशी सोनारासारखी तपासणी आम्ही करायचो आणि आमच्या स्वतःच्या अंगावर मिठाचा थर. खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, नुसता चिकटा येतो. मग एक युक्ती अंगवळणी पडली: अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, नळ उघडून धुवायचं, संपलं. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजून माझी आंघोळ दीड तांब्यात होते. सोसायटीत टँकर येतो त्या दिवसांत सेक्रेटरी माझं उदाहरण देतात. नौदलातल्या कामगिरीची झालेली ही एकमेव सार्वजनिक दखल.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण माझा त्याच्याशी संबंध अल्पकाळच यायचा. पहिले काही दिवस हिरवी भाजी, मग बटाटा, मग पुन्हा बटाटा. समुद्र खवळला की कढई चढायची नाही, उकळतं तेल अंगावर यायचं. खिचडी. टेबलावर ओलं फडकं अंथरायचं, म्हणजे ताटं घसरत नाहीत. तरी एकदा माझं ताट माझ्यासमोरून निघून समोरच्या बिहारी दोस्तापुढे गेलं. त्यानं शांतपणे दोन घास खाल्ले, आणि जहाज दुसऱ्या बाजूला कललं तेव्हा ते परत माझ्याकडे आलं. असा शेजारधर्म मी जमिनीवर पाहिला नाही.

सुट्टीवर गावी गेलो की उलटंच. अंगणात बाज टाकून निजायचो आणि अख्खा माण तालुका हलायचा. रात्री मी बाजेच्या दोन्ही कडा धरून झोपतो, हे आईनं पाहिलं. तिनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मीठ बघून मला पुन्हा मळमळलं.

तर यंदाच्या ४ डिसेंबरला मी उभा राहिलो. कराचीचं सांगितलं. त्यानंतर पाचच दिवसांनी दीवजवळ बुडालेल्या आपल्या खुकरी या युद्धनौकेचं सांगितलं, तिच्यासोबत गेलेले १८ अधिकारी आणि १७६ खलाशी, आणि जहाज न सोडणारे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. हे सांगताना माझा आवाज बसतो, कारण बॉयलर रूमपासून वरच्या डेकपर्यंत किती शिड्या असतात ते मला पायांनी ठाऊक आहे. सभागृह गप्प झालं. मग पहिल्या रांगेतल्या एका चिमुरड्यानं हात वर केला. "आजोबा, तुम्ही काय केलं?"

"मी पाणी तपासलं," म्हटलं.

टाळ्या पडल्या, सौम्य. तेवढ्यात सेक्रेटरींनी माइक घेतला आणि जाहीर केलं की जानेवारीत ज्येष्ठ नागरिकांची सहल अलिबागला, गेटवेहून मांडव्यापर्यंत बोटीनं, आणि आपले नेव्हीवाले साहेब सोबत असल्यानं कोणी घाबरू नये.

तासाभराचा प्रवास. समुद्र तळ्यासारखा होता, सीगल मागे लागले होते, लोक त्यांना वेफर्स भरवत होते. मी कठडा धरून क्षितिजाकडे बघत उभा होतो. नोकरीच्या पंधरा वर्षांत न मिळालेलं क्षितिज आता मिळालं होतं, आणि त्याचा काहीही उपयोग होत नव्हता. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी भेळ खात खात शेजारी आल्या. माझ्याकडे जरा वेळ बघितलं, पिशवीत हात घातला आणि एक प्लास्टिकची पिशवी आणि आवळा सुपारीची पुडी माझ्या हातात ठेवली.

"असू दे हो," त्या म्हणाल्या, "कुणाला सांगत नाही. आमचे हे पोस्टात होते. त्यांनाही लागायची."